बागेला राखणदार कोण?

एप्रिल-मे महिन्यांत धाराशिवमध्ये सूर्य मावळला तरी गच्चीवर पाय ठेववत नाही. अशा वेळी घरातले आजोबा नातवाला घेऊन बाहेर पडतात ते सावलीची, चार माणसे बसतील अशी जागा शोधत. पावसाचा भरवसा नसलेल्या या पठारावर बाग ही चैन नव्हे. पण प्यायच्या पाण्याचीच ओढाताण असताना हिरवळीसाठी पाणी मागायचे कोणत्या तोंडाने? माझे मत असे, की लॉनचा हट्टच सोडावा. कडुनिंब, वड, करंज लावावेत. पहिले दोन-तीन उन्हाळे जगवले की ते आपले आपण उभे राहतात. पाण्याचा प्रश्न असा सुटेल. खरा प्रश्न जागेचा आहे.

जागा एका दिवसात जात नाही. १९६६च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षण पडते. दहा वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही, मालकाने नोटीस दिली आणि त्यानंतरची मुदतही टळली, की आरक्षण संपते. नगरपालिकेच्या तिजोरीत भूसंपादनाचे पैसे कधी असतात? मालकाची जमीन अडकवून ठेवणे अन्यायाचे, हेही खरे. दुसरी वाट अधिक चोरपावलांची. लेआउट मंजूर करताना सोडलेली खुली जागा सातबाऱ्यावर अनेकदा मूळ मालकाच्याच नावे राहते. वीस वर्षांनी तिथे कुंपण पडते, तेव्हा कॉलनीतले लोक जागे होतात.

तक्रार केली की पहिला सवाल येतो : तुमचा काय संबंध? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये दिले आहे. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्यात आली होती. रहिवासी न्यायालयात गेले. रुग्णालयही लोकोपयोगीच की, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो मानला नाही आणि रहिवाशांचा दाद मागण्याचा हक्क मान्य केला. लखनौचे प्रकरण तर त्याहून ठसठशीत. अमीनाबादच्या झंडेवाला पार्कखाली महापालिकेने एका बिल्डरकडून भूमिगत बाजार बांधायला घेतला होता. १९९९मध्ये न्यायालयाने ते बांधकाम पाडून पार्क पूर्ववत करायला सांगितले.

न्यायालय म्हणजे शेवटचा दरवाजा. त्याआधीचा दरवाजा नगरपालिकेचा. १९९३मध्ये अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने उद्याने आणि क्रीडांगणे ही शहरी स्वराज्य संस्थांच्या कामांच्या यादीत घातली. पण राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांत २०१६च्या अखेरीस निवडणुका झाल्यानंतर पुन्हा झाल्या त्या २०२५च्या डिसेंबरात. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासक. ठराव मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच! सभागृहात उठून प्रश्न विचारणारा नगरसेवकच नव्हता. (तो असताना विचारत होता का, हा भाग वेगळा.)

देखभाल संस्थांकडे सोपवावी, असा उपाय सुचवला जातो. मुंबईने तो करून पाहिला. काही मैदानांवर क्लब उभे राहिले आणि आत जायला सभासदत्व लागू लागले. २०१६च्या जानेवारीत तिथले नवे धोरण महापालिकेने मंजूर केले आणि ओरड होताच मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. संस्थेला झाडे सांभाळू द्यावीत, फाटकाची किल्ली देऊ नये.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेनंतर उमरगा, सास्तूर भागातली माणसे कित्येक रात्री उघड्यावर झोपली. मोकळ्या जागेची किंमत या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको.

आता नगरसेवक पुन्हा सभागृहात आहेत. गावातल्या सगळ्या बागा आणि खुल्या जागांची यादी, प्रत्येकीचे क्षेत्रफळ आणि सातबाऱ्यावरचे नाव, एवढा एक कागद नगरपालिकेच्या फलकावर लागला पाहिजे. मागून मिळाला नाही, तर २००५चा माहितीचा अधिकार आहे आणि दहा रुपयांचा अर्ज आहे. कागद हाती आला की एका रविवारी आजोबांनी नातवाला घेऊन त्या यादीतल्या जागा पाहून याव्यात. किती जागेवर आहेत, ते मोजावे.