धावणाऱ्याची आहारवही : उष्मांकांचा हिशेब आणि शरीराची थकबाकी

भिलाईला लागून असलेले जामुल सिमेंट कारखान्यासाठी ओळखले जाते. उन्हाळ्यात या भागातील अनेक घरांत सकाळचे अन्न म्हणजे बासी : रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि सकाळी मीठ, कांदा, मिरची, चटणी किंवा भाजीबरोबर खायचा. वजन उतरवून वेळ सुधारू पाहणाऱ्या धावपटूने हे अन्न मोबाइलमधील आहारवहीत नोंदवायला घेतले की पहिल्याच ओळीला घोडे अडते. वाटीभर बासीचे उष्मांक किती? 100 ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे 350 किलोकॅलरी असतात, हे खरे. परंतु वाटीत भात किती आणि पाणी किती, हे घरागणिक आणि हातागणिक बदलते. ॲप मात्र जराही न अडखळता तीन अंकी उत्तर देऊन मोकळे होते. अंदाजाला मोजमापाचा वेश चढवण्याचा हा उद्योग विज्ञानाच्या नावावर चालतो, म्हणून त्याचा समाचार विज्ञानानेच घेतला पाहिजे.

आहारवही निरुपयोगी आहे, असे कोणीही म्हणू नये. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जवळजवळ 1,700 स्थूल आणि वजनदार प्रौढ सहभागी होते. त्यांतील रोज नोंद ठेवणाऱ्यांचे वजन, नोंद न ठेवणाऱ्यांच्या तुलनेत, सहा महिन्यांत सुमारे दुप्पट घटले. हा पुरावा भक्कम आहे. पण तो कोणाविषयी आहे, हे विसरता कामा नये. ते स्थूल प्रौढ होते, आठवड्याला साठ-सत्तर किलोमीटर धावणारी अठरा वर्षांची मुलगी त्यांत नव्हती. एका समूहाचे औषध दुसऱ्याच्या गळी उतरवणे ही विज्ञानाच्या विद्यार्थ्याला न शोभणारी चूक आहे. अनेक प्रशिक्षक आणि जवळपास सर्व ॲप नेमकी हीच चूक रोज करतात.

आधी वहीतील आकड्याची विश्वासार्हता पाहू. मनुष्य प्रत्यक्षात किती ऊर्जा खर्च करतो, हे दुहेरी चिन्हांकित पाण्याच्या पद्धतीने मोजता येते. ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे जड समस्थानिक असलेले पाणी प्यायला देतात आणि ते शरीरातून कोणत्या वेगाने बाहेर पडतात, यावरून खर्च काढतात. 1992 साली या पद्धतीने तपासलेल्या, ‘कितीही कमी खाल्ले तरी वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या स्थूल व्यक्तींनी आपला आहार सरासरी 47 टक्क्यांनी कमी नोंदवला होता आणि शारीरिक हालचाल 51 टक्क्यांनी जास्त. यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. हातून निसटलेला घास, अंदाजाने धरलेली वाटी, फोडणीतील तेल हे सारे वहीबाहेर राहते. आपल्याकडे अडचण आणखी मोठी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली 528 भारतीय अन्नपदार्थांची पोषणसारणी प्रसिद्ध केली. ते मोलाचे काम आहे. पण ती सारणी मुख्यतः कच्च्या पदार्थांची आहे. बासी, झुणका किंवा आमटी ताटात येईपर्यंत प्रत्येक स्वयंपाकघर तिचे गणित बदलून टाकते.

आता धावणाऱ्याचे गणित मांडू. 50 किलो वजनाची मुलगी, त्यांतील चरबी वगळता उरलेले शरीर 40 किलो. धावताना साधारण प्रतिकिलो, प्रतिकिलोमीटर एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे 10 किलोमीटरला सुमारे 500. तिच्या वहीत दिवसाचे 1,500 लिहिलेले आहेत आणि पडद्यावर शाबासकीची हिरवी खूण आहे. धावण्याचे 500 वजा केले की हृदय, मेंदू, हाडे, अंतःस्रावी ग्रंथी या सर्वांच्या वाट्याला 1,000 उरतात. चरबीविरहित शरीराच्या दर किलोमागे ही उपलब्ध ऊर्जा 25 किलोकॅलरी होते. प्रयोगशाळेत तरुण स्त्रियांवर झालेल्या अल्पकालीन प्रयोगांत ही ऊर्जा 30 च्या खाली गेली की पाळीचे नियमन करणाऱ्या संप्रेरकांची लय बिघडू लागल्याचे दिसले होते. पुरेशी ऊर्जा 45 च्या आसपास मानली जाते. 30 ही प्रत्येकीला लागू पडणारी लक्ष्मणरेषा नाही, परंतु धोक्याची दिशा तिने स्पष्ट होते.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार-मार्गदर्शिकेने वजन आठवड्याला अर्धा किलोच्या गतीने उतरवणे सुरक्षित मानले आहे आणि असा आहार दिवसाला 1,000 किलोकॅलरींच्या खाली नसावा, असे बजावले आहे. सामान्य नागरिकासाठी हा सल्ला योग्यच आहे. पण वरील मुलीने तो तळाचा आकडा पकडून 10 किलोमीटर धावायचे ठरवले, तर तिची उपलब्ध ऊर्जा साडेबारावर येते. तिच्या बाबतीत 30 आणि 45 या दोन पातळ्यांमधले अंतर दिवसाला 600 किलोकॅलरींचे आहे. घरच्या अन्नाची नोंद सहज तितकी चुकू शकते. ज्या मापाची चूक प्रश्नाएवढीच मोठी आहे, त्या मापाने उत्तर मिळत नसते.

या चुकीची किंमत वहीत दिसत नाही, हाडांत दिसते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 साली क्रीडेतील सापेक्ष ऊर्जा-न्यूनतेची संकल्पना मांडली आणि 2023 मध्ये तिची नवी सविस्तर मांडणी केली. पाळी थांबणे, हाडांची घनता घटणे, प्रतिकारशक्ती ढासळणे, कामगिरी खालावणे अशी ही साखळी आहे. पुरुषही तिच्यातून सुटत नाहीत. अमेरिकेची धावपटू मेरी केन हिने 2019 मध्ये जाहीरपणे सांगितले, की वजन घटवण्याच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षे बंद होती आणि तिची पाच हाडे मोडली. भारतात तर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. केवळ उष्मांक मोजणाऱ्या वहीत छत्तीसगडची लाल भाजी जवळजवळ शून्य ठरते. लोह आणि फोलेट यांना तेथे रकानाच नाही.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा, की वजन उतरल्यावाचून वेग येत नाही. उदाहरण बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांचे दिले जाते. सैन्यात असताना त्यांनी काही महिन्यांत सुमारे 20 किलो वजन उतरवल्याचे वृत्तांत प्रसिद्ध आहेत. पण ते वजन वाढलेल्या सैनिकाचे होते आणि ते प्रशिक्षकाच्या नजरेखाली उतरले. 3,000 मीटर स्टीपलचेसमध्ये 2018 चे 8 मिनिटे 29.80 सेकंद ते 2024 चे 8 मिनिटे 9.91 सेकंद, हा प्रवास सहा वर्षांच्या सरावाचा आहे. मुळातच सडपातळ असलेल्या विद्यार्थिनीने त्यातून फक्त ‘20 किलो’ उचलणे म्हणजे प्रयोग सोडून निष्कर्ष पळवणे होय.

वजनकाटाही याच फसवणुकीत सामील असतो. स्नायूंतील ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. आहार अचानक तोडला की पहिल्या आठवड्यात उतरते त्यातले बरेचसे हे पाणीच. भिलाईच्या मे महिन्यात लिटरभर घाम गेला की काटा एक किलो कमी दाखवतो. चरबी जागची हललेलीही नसते.

तेव्हा वही ठेवावी, पण तिचे प्रश्न बदलावेत. धावून आल्यावर किती वेळाने खाल्ले? ताटात डाळ, भाजी, दूध किंवा अंडे होते का? झोप किती झाली? उठल्याबरोबर नाडीचे ठोके किती? पाळी वेळेवर आली का? नडगीचे दुखणे किती दिवसांचे? या प्रश्नांना ग्रॅम लागत नाहीत. त्यांची उत्तरे खोटी पडण्याची शक्यता कमी आणि उपयोग अधिक. वजन खरोखरच उतरवायचे असेल, तर ते स्पर्धांच्या हंगामाबाहेर, सावकाश आणि जाणत्या आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली उतरवावे. सर्वांसमोर काट्यावर उभे करणाऱ्या आणि रोज ॲपचे छायाचित्र मागणाऱ्या प्रशिक्षकाला मात्र एकच प्रश्न विचारावा : आकडा चुकला, तर मोडलेले हाड कोणाच्या खात्यावर मांडायचे?

जामुलच्या वाटीतील बासीचे उष्मांक कोणालाही नेमके सांगता येणार नाहीत. धावून आलेल्या मुलीला ती पुरली की नाही, हे तिचे शरीर सांगते. वहीत प्रथम ते लिहिले जावे.