दात घासण्याच्या यंत्राची खरी किंमत

औषधांच्या दुकानातील काचेच्या कपाटात आणि मोबाइलच्या पडद्यावर इलेक्ट्रिक टूथब्रशने जी जागा पटकावली आहे ती पाहता, ही वस्तू आता केवळ श्रीमंतांच्या न्हाणीघरापुरती उरलेली नाही हे मान्य करावे लागते. ठरावीक पगारात संसार चालविणारा शिक्षक, कारकून, एवढेच नव्हे तर वसतिगृहात राहणारा विद्यार्थीही आज तिच्यासमोर घटकाभर थबकतो. साधा ब्रश वीस-चाळीस रुपयांत मिळतो. त्याच्या शेजारी मांडलेले यंत्र काही शे रुपयांपासून सुरू होऊन दहा हजारांच्याही पुढे जाते. एकाच कामाच्या वस्तूंच्या किमतींत एवढी तफावत असेल तर ती गुणांतील तफावतीची निदर्शक असावी, असे पाठ्यपुस्तकातील बाजारपेठ सांगते. प्रत्यक्षातील बाजारपेठ मात्र या बाबतीत ग्राहकाला फारसे काहीच सांगत नाही. उलट जे सांगायला हवे तेच ती खुबीने झाकून ठेवते.

मुळात हे यंत्र चैनीसाठी जन्माला आलेले नाही. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये ‘ब्रॉक्सोडेंट’ या नावाचा विजेवरचा ब्रश तयार झाला, तो हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या रुग्णांना आणि दातांना तारा बसविलेल्यांना उपयोगी पडावा म्हणून. १९६० मध्ये तो अमेरिकेत गेला, पुढल्याच वर्षी तेथे बिनतारेचा ब्रश आला, आणि रुग्णाची गरज हळूहळू निरोग्याची हौस बनली. आज बाजारात प्रामुख्याने दोन घराणी दिसतात. एकाचे डोके लहान व गोल असते आणि ते उजवीकडे-डावीकडे अर्धवट फिरत राहते. दुसऱ्याचे डोके साध्या ब्रशसारखे लांबट असते आणि ते अतिशय वेगाने थरथरते. यालाच ‘सोनिक’ म्हणतात. याखेरीज पेन्सिल सेलवर चालणारे स्वस्त ब्रश आहेत, त्यांपैकी बरेचसे साध्या ब्रशला लावलेल्या मोटारीपेक्षा फारसे निराळे नसतात.

आता खोक्यावरील आकड्यांकडे वळावे. सोनिक ब्रशच्या खोक्यावर मिनिटाला एकतीस हजार हालचाली असा आकडा आढळतो. गोल डोक्याच्या ब्रशवर तो आठ-नऊ हजारांच्या घरात असतो. भोळा ग्राहक भागाकार करतो आणि पहिला ब्रश साडेतीन पट चांगला असल्याचा निष्कर्ष काढून मोकळा होतो. वस्तुतः या दोन आकड्यांची तुलनाच संभवत नाही. एकात थरथर मोजलेली आहे, दुसऱ्यात फिरणे मोजलेले आहे. शिवाय एकतीस हजारांत एकदा जाणे आणि एकदा येणे या दोन हालचाली धरल्या जातात, म्हणजे कंपनसंख्या निम्मीच. रिक्षाचे आणि एस.टी.चे इंजिन मिनिटाला किती फेरे घेते हे पाहून साताऱ्याला आधी कोण पोहोचेल हे ठरविण्यासारखाच हा प्रकार आहे.

ग्राहकाची ही अगतिकता त्याच्या अज्ञानातून आलेली नाही, ती वस्तूच्या स्वरूपातून आलेली आहे. आंबा पाहून घेता येतो, चहा पिऊन पारखता येतो. परंतु काही वस्तू व सेवा अशा असतात की वापरून झाल्यावरही त्यांच्या गुणाचा निवाडा सामान्य माणसाला करता येत नाही. डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा वस्तूंना ‘विश्वासावर घेतलेल्या वस्तू’ या अर्थाचे नाव दिले. दात घासण्याचे यंत्र या वर्गात चपखल बसते. चार वर्षांनी हिरड्या चांगल्या राहिल्या तर श्रेय ब्रशचे, पेस्टचे, आहाराचे, की आईवडिलांकडून लाभलेल्या दातांचे, हे कोण सांगणार? जेथे असा निवाडा अशक्य असतो तेथे किंमत हीच गुणवत्तेची खूण मानली जाते, आणि उत्पादकाला ही गोष्ट ग्राहकापेक्षा अधिक चांगली ठाऊक असते.

याचा अर्थ हे यंत्र निरुपयोगी आहे असा नव्हे. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये ५६ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. साध्या ब्रशच्या तुलनेत यांत्रिक ब्रशने प्लाक, म्हणजे दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर, पहिल्या तीन महिन्यांत ११ टक्के आणि त्यानंतरच्या काळात २१ टक्के कमी झाला. हिरड्यांचा दाह अनुक्रमे ६ आणि ११ टक्क्यांनी उतरला. फायदा खरा आहे. तथापि आढावा घेणाऱ्यांनीच असेही नमूद केले की या फरकाला दातांच्या आरोग्याच्या दृष्टीने प्रत्यक्षात कितपत महत्त्व आहे हे स्पष्ट नाही. एकवीस टक्के थर कमी झाला म्हणजे एकवीस टक्के दात वाचले असा त्याचा अर्थ होत नाही. दात किडण्यापासून जे संरक्षण मिळते ते मुख्यतः फ्लोराइडयुक्त पेस्टने आणि साखर आवरण्याने. ब्रशवर हजारो रुपये खर्चून फ्लोराइडविरहित पेस्ट वापरणारा गृहस्थ आपला खर्च चुकीच्या जागी करीत असतो. त्याच आढाव्यातील आणखी एक वाक्य अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अधोरेखित करून ठेवावे असे आहे: खर्च आणि टिकाऊपणा यांची माहिती या चाचण्यांत सुसंगतपणे दिलेली नाही. म्हणजे वस्तू किती थर काढते हे दशकानुदशके मोजले गेले; ती किती पैसे काढते हे मोजण्याची निकड कोणाला फारशी भासली नाही.

ते मोजणे तसे कठीण नाही. खोक्यावरची किंमत ही मुठीची किंमत असते. मुठीवर बसवायचे ब्रशहेड दर तीन महिन्यांनी बदलावे असे सांगितले जाते, आणि एका कंपनीचे हेड बहुधा दुसरीच्या मुठीवर बसत नाही. मूठ एकदाच विकायची आणि हेड आयुष्यभर, हे गणित दाढीच्या पात्यांच्या आणि छपाईयंत्राच्या शाईच्या धंद्यात जुने झालेले आहे. समजा, चार माणसांच्या कुटुंबाने आठशे रुपयांची मूठ घेतली आणि तिचे हेड साडेतीनशे रुपयांना मिळते. चार माणसे, वर्षाला प्रत्येकी चार हेड, चार वर्षे. म्हणजे चौसष्ट हेडचे बावीस हजार चारशे रुपये आणि मुठीचे आठशे, एकूण तेवीस हजार दोनशे. शेजारच्याने दोन हजारांची ‘महाग’ मूठ घेतली, पण तिचे हेड दीडशेला मिळते. त्याचा चार वर्षांचा खर्च अकरा हजार सहाशे. ज्याने स्वस्त घेतले त्याने बरोबर दुप्पट मोजले! आणि चाळीस रुपयांचे साधे ब्रश तितक्याच वेळा बदलणाऱ्या तिसऱ्या कुटुंबाचा खर्च आहे दोन हजार पाचशे साठ. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. पण आपल्या आवडीच्या ब्रशचे आकडे त्यांच्या जागी घालून पाहण्यास कागद-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही. अर्थात यात एक मूठ चौघांनी वापरावी आणि हेड तेवढे ज्याचे त्याने लावावे असे गृहीत धरले आहे. सकाळी साडेसहाला नळाला पाणी आणि शाळेची घाई एकदमच येणाऱ्या दोन खोल्यांच्या घरात ते कितपत जमेल, हा प्रश्न कोणत्याही चाचणीत विचारलेला नसतो. पुष्कळ घरांत या गणिताचा शेवट निराळाच होतो: हेड महाग म्हणून ते सहा-आठ महिने बदललेच जात नाही, त्याचे केस फिस्कारतात, आणि महागड्या मुठीवर साध्या नव्या ब्रशपेक्षाही वाईट ब्रश फिरत राहतो.

असा लपलेला खर्च स्पर्धेने आपोआप उघड होईल, अशी एक समजूत आहे. गाबे आणि लेबसन या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले की तसे होईलच असे नाही. एखादी कंपनी उठून सांगू लागली की दुसऱ्याचे हेड महाग आहे, तर जागा झालेला ग्राहक तिच्याकडे येईलच असे नव्हे. तो शहाणा होऊन दुसऱ्याच कंपनीची स्वस्त मूठ उचलील आणि हेडचा खर्च टाळण्याची वाट शोधील. म्हणून सगळेच गप्प बसतात. मुठीतल्या बॅटरीचेही तसेच. ती बहुतेक ब्रशांत सीलबंद असते. ती थकली की चांगली चालणारी मोटारही कचऱ्यात जाते.

मग निवड करावी तरी कशी? हर्बर्ट सायमन यांचे म्हणणे असे की माणूस सर्वोत्तमाच्या शोधात निघत नाही, पुरेसे चांगले मिळाले की थांबतो. या बाजारात तसे थांबणे हे आळसाचे नव्हे, विवेकाचे लक्षण आहे. दोन गोष्टींना खरे मोल आहे. एक, दोन मिनिटे पूर्ण होईपर्यंत चालणारे आणि दर तीस सेकंदांनी बाजू बदलण्याची सूचना देणारे घड्याळ. कारण बहुतेकांचे हात त्याआधीच थांबतात. दुसरी, ब्रश जोराने दाबल्यास इशारा देणारी सोय. कारण रगडून घासणे म्हणजे स्वच्छता, हा समज हिरड्यांना महाग पडतो. या दोन्ही गोष्टी मधल्या किमतीच्या ब्रशांतही मिळू शकतात. त्यापुढची किंमत मोबाइलला जोडणी, पाच-सहा प्रकारचे वेग, प्रवासाची चकचकीत डबी यांची असते.

ज्यांची बोटे संधिवाताने आखडली आहेत, ज्यांचा हात कंपवाताने थरथरतो, ज्यांचे दात दुसऱ्या कोणाला घासून द्यावे लागतात, अशांसाठी मात्र हे यंत्र हौस नव्हे. निवृत्तिवेतनातून औषधे भागविणाऱ्या सत्तरीच्या वृद्धाला त्याची खरी गरज असते, आणि जाहिरातीत हसणारा चेहरा नेमका त्याचा नसतो. ज्यांचे हात धड आहेत आणि जे दोन मिनिटे शांतपणे उभे राहू शकतात, त्यांचे साध्या मऊ ब्रशने उत्तम चालते. त्यांना या खरेदीचा न्यूनगंड वाटण्याचे काही कारण नाही.

तथापि सगळा भार ग्राहकाच्या शहाणपणावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. फ्रीज किती वीज खातो हे कोणालाही डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून २००६ पासून ऊर्जा दक्षता ब्यूरोची तारांकित पट्टी आली आणि वर्षाला किती युनिट लागतील हे दारावरच छापले जाऊ लागले. आवेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ग्रॅममागे, मिलिलिटरमागे किंमत छापण्याचे बंधन आले. त्याच न्यायाने, ज्या यंत्राला ठरावीक काळाने ठरावीक कंपनीचाच सुटा भाग लागतो, त्याच्या खोक्यावर एका माणसाचा वर्षाचा खर्च, हेड किती वर्षे पुरविले जातील याची हमी आणि बॅटरी बदलता येते की नाही, या तीन ओळी का असू नयेत? यूरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमनानुसार २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी लागेल; पाण्यात वापरायच्या उपकरणांना त्यात सवलत आहे, परंतु निदान स्वतंत्र कारागिराला ती काढता आलीच पाहिजे. भारतात २०२२ चे बॅटरी कचरा नियम टाकून दिलेल्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर ठेवतात. ती टाकून देण्याची वेळच लांबावी, याकडेही लक्ष जायला हवे.

दुसरे काम ग्राहक संघटनांचे. वस्तूंची तौलनिक चाचणी एकट्यादुकट्याला परवडत नाही, पण तिचा निष्कर्ष हजारोंना उपयोगी पडतो. म्हणूनच अमेरिकेत १९३६ पासून आणि ब्रिटनमध्ये १९५७ पासून ग्राहकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्था असे काम करीत आल्या आहेत. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून सामुदायिक खरेदीचा जो मार्ग घालून दिला, त्यात तांदूळ-साबणाबरोबर ब्रशहेडही बसू शकते. चाळीस कुटुंबांनी मिळून एकाच जातीचे हेड वर्षभर घ्यायचे ठरविले, तर घाऊक भावाची बोलणी त्यांना करता येतील, आणि कोणती मूठ किती वर्षे टिकली याची नोंदही त्यांच्याच वहीत तयार होत जाईल.

तोपर्यंत, ज्याला हे यंत्र घ्यायचेच आहे त्याने दुकानात गेल्यावर मुठीची चौकशी करू नये. आधी हेडचे पाकीट मागावे, त्यावरील किंमत पाहावी आणि ते नेहमी मिळते का, हे विचारावे. दुकानदार हेड नंतर मागवून देऊ म्हणाला, तर मूठही नंतरच घ्यावी.