मस्टरवर नाव नसलेल्यांची युनियन

चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदुरला सॅमसंगचा कारखाना आहे. टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन तिथं तयार होतात. तिथल्या कामगारांनी जून 2024मध्ये युनियनच्या नोंदणीसाठी अर्ज केला. नोंदणी मिळेना, कंपनी बोलेना. तेव्हा 9 सप्टेंबरला हजाराहून अधिक कामगार संपावर गेले. संप 37 दिवस चालला. युनियनच्या नावात ‘सॅमसंग’ हा शब्द नको, हा कंपनीचा एक मोठा आक्षेप होता. अखेर मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर जानेवारी 2025मध्ये नोंदणी झाली. त्यानंतर काही दिवसांतच युनियनचे तीन पदाधिकारी निलंबित झाले आणि कामगार पुन्हा धरणं धरून बसले.

संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 19मध्ये आहे. तरीही साध्या नोंदणीला सात महिने, एक संप आणि उच्च न्यायालय लागलं.

याच मद्रासमध्ये 1918 साली बी. पी. वाडिया यांनी मद्रास लेबर युनियन उभी केली होती. बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी तिला कोर्टात खेचलं आणि कोर्टाने वाडियांवर मनाई हुकूम काढला. युनियन चालवणं हाच गुन्हा ठरू शकतो, हे त्या दाव्याने दाखवलं. मग ना. म. जोशी यांनी 1921मध्ये केंद्रीय कायदेमंडळात संरक्षणाचा ठराव मांडला आणि त्याच प्रयत्नातून 1926चा ट्रेड युनियन कायदा आला. युनियन स्थापन करणारा कामगार आता गुन्हेगार ठरणार नव्हता. पण मालकाने त्याच्याशी बोललंच पाहिजे, असं त्या कायद्यात कुठंही नव्हतं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळताना डॉ. आंबेडकरांनी ही त्रुटी हेरली. युनियनला मान्यता सक्तीची करणारं विधेयक त्यांनी 1943मध्ये आणलं. तशी दुरुस्ती 1947 साली मंजूरही झाली, पण ती कधी अमलातच आली नाही. पाऊण शतक ती कागदावर पडून राहिली.

हा इतिहास पाहता, 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेला एक श्रेय द्यायलाच हवं. जुने 29 केंद्रीय कायदे गुंडाळून ज्या चार संहिता आल्या, त्यांतली ही एक. वाटाघाटी करणाऱ्या युनियनला मान्यता देण्याचं बंधन देशपातळीवर पहिल्यांदाच प्रत्यक्ष लागू झालं आहे. कारखान्यात एकच युनियन असेल तर तिच्याशी बोलायचं. अनेक असतील तर मस्टरवरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असेल तिच्याशी. तसा कुणालाच नसेल तर 20 टक्क्यांवरच्या युनियनची मिळून एक परिषद बनवायची.

प्रश्न सुरू होतो तो मोजणीपासून. मोजायचं कुणाला आणि कसं?

‘मस्टरवरचे कामगार’ असं कायदा म्हणतो. चाकण, रांजणगाव किंवा वाळूजमधल्या कारखान्याच्या गेटवर सकाळच्या शिफ्टला उभं राहिलं की परमनंट, ट्रेनी आणि ठेकेदाराचा माणूस एकाच बसमधून उतरताना दिसतात. लाइनवर ते खांद्याला खांदा लावून उभे राहतात; पण ठेकेदाराच्या माणसाचं नाव ठेकेदाराच्या मस्टरवर असतं आणि अप्रेंटिस तर कायद्याच्या व्याख्येत कामगारच नाही. देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत कंत्राटी कामगारांचं प्रमाण आता 40 टक्क्यांच्या पुढे गेलं आहे. म्हणजे पगारवाढीचा करार कोण करणार, हे ठरवताना इतकी मोठी संख्या हिशेबातच धरली जात नाही. मुदतबंद नोकरीलाही नव्या संहितेने मोकळी वाट दिली आहे. ज्याचं काम पुढच्या मार्चमध्ये संपणार आहे, तो युनियनच्या फॉर्मवर सही करताना दहादा विचार करतो. हा भित्रेपणा नाही. त्याच्या घराचं भाडं त्या सहीवर अवलंबून असतं.

आता मोजणीची पद्धत. पाठिंबा कसा तपासायचा, हे संहितेने नियमांवर सोडलं आहे. ही बाब तांत्रिक वाटते, पण तिची किंमत मुंबईइतकी दुसऱ्या कुठल्या शहराने मोजली नसेल. 1946च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगासाठी एकच ‘प्रातिनिधिक युनियन’ ठरवली. कापड गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ होती. तिचं प्रतिनिधित्व सदस्यांच्या नोंदींवरून ठरे. कामगारांचं मत कधी घेतलंच जात नसे. 1981च्या बोनसवरून असंतोष उफाळला, तेव्हा गिरणी कामगार दत्ता सामंतांकडे गेले आणि 18 जानेवारी 1982पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर उतरले. हा कायदा रद्द करा, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. सरकार आणि मालक मात्र कायद्याने ठरवलेल्या युनियनशीच बोलण्यावर अडून राहिले. संप फसला त्याला इतरही कारणं होती. यंत्रमागांची स्पर्धा होती, गिरण्यांच्या जमिनींचे भाव होते. पण अडीच लाख माणसं ज्याच्यामागे उभी होती, त्याच्याशी कायदेशीर बोलणी होऊ शकत नव्हती, ही गोष्ट लालबाग-परळच्या चाळी अजून विसरलेल्या नाहीत. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही.

म्हणून गुप्त मतदान हवं. अन्न महामंडळाच्या कर्मचारी संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995मध्येच त्याची सविस्तर पद्धत घालून दिली आहे. खासगी कारखान्यांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्याकडे आहे. कामगार आयुक्तांच्या देखरेखीखाली गुप्त मतदान आणि युनियनच्या वादात निलंबित झालेल्यांनाही मत, एवढं स्पष्ट लिहिण्यापासून मुंबईला कुणी अडवलेलं नाही.

उद्योजकांची तक्रार असते की युनियन बाहेरचे पुढारी चालवतात आणि त्यामुळे गुंतवणूक पळते. ती खोटी म्हणून झटकून टाकता येत नाही. काही पुढाऱ्यांनी कामगारांचा विश्वास विकलाही आहे. पण आतला पदाधिकारी पहिल्याच गेट मीटिंगनंतर चार्जशीट घेऊन घरी बसणार असेल, तर कामगार बाहेरचाच माणूस शोधणार. त्यातच संपाची वाट नव्या संहितेने आणखी अरुंद केली आहे. 14 दिवसांच्या नोटिशीचं बंधन पूर्वी सार्वजनिक सेवांपुरतं होतं, आता ते सगळ्याच उद्योगांना आहे. नोटीस दिल्यावर समेटाची पहिली बैठक झाली की ती प्रक्रिया संपेपर्यंत संप बेकायदा. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. कायदेशीर संप जवळपास अशक्य झाला, तर कामगाराच्या हातात उरतं ते फक्त टेबलावरचं बोलणं. मग त्या टेबलावर कुणी बसायचं, हे ठरवण्यात त्याचा पूर्ण वाटा असायला हवा.

ठेकेदारीतल्या कामगाराला मोजायचं तर राज्याचे नियम पुरणार नाहीत, संहितेतच दुरुस्ती करावी लागेल. ते अशक्य आहे, असं निदान महाराष्ट्राने तरी म्हणू नये. बाजार समितीतल्या हमालाला कुठलाच एक मालक नव्हता आणि कुठलंच मस्टर नव्हतं. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यानंतर 1969मध्ये राज्याने माथाडी कायदा केला, व्यापारी, कामगार आणि सरकार यांची मंडळं नेमली, हमालाची नोंद मंडळाकडे ठेवली आणि मजुरी व लेव्ही मंडळामार्फत द्यायला लावली. चाकणच्या लाइनवर वर्षभर उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराला मूळ मालकाच्या कारखान्यात मत देणं याहून सोपं आहे, आणि तशी मागणी राज्य सरकारने स्वतःहून दिल्लीत मांडायला हवी.