प्रकरण निकाली निघाले, मुलाचे काय?

मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी-सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे जाऊ लागली. सेवा कोणीही चालवो, दूरध्वनी किती आले, मुले किती सोडविली, प्रकरणे किती निकाली निघाली, हेच आपण कौतुकाने मोजतो. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही सांगत असू की, सिमेंटच्या गोण्या मोजून धरणाचे पाणी शेतात पोहोचले की नाही हे कळत नाही.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार संकटातील मुलाला चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे आणावे लागते आणि चौकशी चार महिन्यांत पुरी करावी लागते. मुदती हव्यातच. परंतु घरी परत पाठविलेला मुलगा शाळेत जातो, की पुन्हा त्याच हॉटेलात कपबशा विसळतो? तो सहा महिन्यांनी पुन्हा सापडला आणि त्याला नवा क्रमांक मिळाला, तर एकाच मुलाच्या दोन अपयशांची अहवालात दोन यशे होतात!

बिहारमधील निवारागृहांच्या पाहणीची तरतूद कायद्यात होतीच. तरीही मुझफ्फरपूरच्या मुलींवरील अत्याचार उघड झाले ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सामाजिक अंकेक्षणाच्या २०१८ मधील अहवालामुळे. या अंकेक्षकांनी नोंदवह्या पाहून न थांबता मुलींचे ऐकून घेतले. २०२० मध्ये न्यायालयाने एकोणीस जणांना दोषी ठरविले.

मोजमापाची आमची मागणी मात्र सरसकट नाही. घर नसणे, उपजीविकेचे साधन नसणे, हेही कायद्याच्या व्याख्येत बसते. त्यामुळे तक्रारीचे बोट पदपथावरील संसाराकडे वा ऊसतोडणी कामगाराच्या कोपीकडे चटकन वळते. बंद सदनिकेतील मारहाणीकडे क्वचितच. केवळ आईबापांचे वर्तन मोजू लागलो, तर दारिद्र्यालाच हेळसांड ठरवू. म्हणून शासनाचीही मोजणी व्हावी. मिशन वात्सल्यातील दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व पात्र कुटुंबाला मिळाले का आणि कितव्या महिन्यात, हा आकडा आम्हांला निकाली प्रकरणांच्या संख्येहून मोलाचा वाटतो. अठरा पूर्ण होताच बालगृहाबाहेर पडलेल्यांचे पुढे काय झाले, याचीही नोंद हवी; एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय कायद्यातच आहे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यात एवढे विचारावे: दोन वर्षांपूर्वी घरी पाठविलेल्या मुलांपैकी किती जणांची पुन्हा भेट घेतली गेली, आणि त्या भेटीत मुलाशी एकांतात कोणी बोलले का? नावे मात्र मागू नयेत. ती गुप्तच राहिली पाहिजेत.