भाडं विटांचं, मजुरी कुणाची?

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, आणि त्यानंतर भोसरी, चिंचवड, आकुर्डी करत कारखान्यांची रांग थेट चाकणपर्यंत गेली. कारखान्याला जमीन मिळाली, पाणी मिळालं, वीज मिळाली. कामगारानं रात्री पाठ कुठे टेकायची, हा प्रश्न मात्र आसपासच्या घरांवर सोडून दिला गेला. त्या घरांतल्या बायकांनी तो सोडवला. निगडी-आकुर्डीतल्या फ्लॅटमधली एक खोली कॉलेजच्या मुलींना, भोसरीतली वरची माडी अप्रेंटिस पोरांना, म्हाळुंगे-निघोजे-खराबवाडीत ओळीनं बांधलेल्या खोल्या कंत्राटी कामगारांना. आता त्यात आठ-पंधरा दिवसांसाठी येणाऱ्या इंजिनिअरांची आणि मोबाइलवरच्या ॲपमधून खोली ठरवणाऱ्या पाहुण्यांची भर पडली आहे.

या कामाला आपण काय म्हणतो? ‘घरी पेइंग गेस्ट ठेवलेत.’ ‘खोल्या भाड्यानं दिल्यात.’ या वाक्यांत काम करणारी बाई कुठेच दिसत नाही. खोली जणू स्वतःच स्वतःला झाडून घेते, चादरी आपोआप धुतल्या जातात आणि सेकंड शिफ्टहून रात्री बारानंतर आलेल्याला दार वारा उघडतो!

मैत्रिणींनो, मुद्दा साधा आहे. पाहुण्याकडून येणाऱ्या पैशात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, विटांचं भाडं. दुसरी, बाईच्या हातांची मजुरी. ही दोन्ही एकाच आकड्यात कोंबली की आकडा घराच्या मालकाचा होतो आणि मजुरी हवेत विरते. म्हणून दर, नियम आणि सोयी या तिन्हींचा हिशोब बाईनं स्वतः मांडला पाहिजे आणि तो लिहून ठेवला पाहिजे.

आधी दराचं बघू. समजा, एका घरात चार मुली राहतात आणि प्रत्येकी महिन्याला 5,000 रुपये देतात. एकूण 20,000. गॅस, वीज, पाणी, साबण-फिनाईल यांवर 6,000 गेले. सकाळचा चहा-नाश्ता, झाडलोट, संध्याकाळची पोळी-भाजी यांत त्या घरातल्या बाईचे दिवसाला तीन तास जातात, म्हणजे महिन्याला 90. तासाला 60 रुपये धरले तरी 5,400 होतात. म्हणजे ज्याला आपण 20,000 रुपये भाडं म्हणत होतो, त्यातलं खरं भाडं 8,600 रुपयेच आहे. हे गणित एकदा कागदावर मांडलं की दोन गोष्टी लक्षात येतात. बाई घरात ‘बसून’ नाही, हे घरच्यांना कळतं. आणि शेजारणीनं 500 रुपये कमी केले म्हणून आपणही कमी करायचे, तर ते आपल्या मजुरीतून जातात, हे बाईला कळतं.

आता सोयी. ‘चहाचे काय पैसे घ्यायचे?’ इथून सुरुवात होते. मग आजारी पडलेल्या मुलीसाठी पेज, नाइट शिफ्टवाल्याचा वेगळा डबा, कपड्यांना इस्त्री, कुणाच्या आईवडिलांचा दोन दिवस मुक्काम. यातलं पुष्कळसं बाई मायेनं करते, आणि मायेला दर लावा असं कुणी म्हणणार नाही. पण माया एका बाजूनंच का अपेक्षित धरायची? ॲपवर तर पाहुण्यानं शेरा वाईट देऊ नये म्हणून जास्तीच्या सोयी द्याव्या लागतात. ॲपची कंपनी आपलं कमिशन त्याच व्यवहारातून काढून घेते. बाईच्या जास्तीच्या चहाचं कमिशन तिला कोण देणार? म्हणून कुठल्या सोयी दरात धरल्या आहेत, कुठल्यांचे वेगळे पैसे पडतील आणि कुठल्या अजिबात मिळणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगावं. यात तोंड चुकवण्यासारखं काही नाही. लॉजवाला सांगतोच की!

याची वाट आपल्याकडे आधीच पडलेली आहे. मुंबईच्या गिरणगावात हजारो गिरणी कामगार बायकांच्या खानावळींवर जगत होते. त्या कामालाही ‘घरात चार माणसांचं जास्त रांधणं’ एवढीच किंमत होती. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, खानावळवाल्यांना एकत्र आणलं आणि बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. पुण्यात मेधाताई पुरव-सामंत यांनी 1993 पासून तेच सूत्र कष्टकरी बायकांच्या बचत आणि कर्जासाठी वापरलं. गुजरातेत ‘सेवा’ या संघटनेनं 2016 साली एअरबीएनबीशी करार करून खेड्यातल्या सभासद बायकांची घरं पाहुण्यांसाठी नोंदवायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी गोष्ट एकच घडली: एकटी बाई ज्याला घरकाम म्हणत होती, त्याला संघटनेनं व्यवसाय म्हटलं.

तिसरी गोष्ट नियमांची, आणि इथे आपल्याला स्वतःकडेही बोट दाखवावं लागेल. मुलांच्या खोलीला रात्री कितीही वाजता मोकळीक आणि मुलींच्या खोलीला नऊला कुलूप, ही पद्धत बायकांनी चालवलेल्या घरांतही आहे. सेकंड शिफ्ट करणाऱ्या मुलीनं मग जायचं कुठे? नियम दोन जातींचे असतात. पाणी जपून वापरा, रात्री मोठ्यानं गाणी नकोत, पाहुणा आणायचा तर आधी सांगा, महिन्याच्या पाच तारखेपर्यंत पैसे द्या. हे नियम सगळ्यांना सारखे लावता येतात. कुणाशी बोलते, काय घालते, कुठल्या जातीची, काय खाते. हे नियम नव्हेत, पहारा आहे. जो पहारा आपल्यावर माहेरी आणि सासरी बसवला गेला, तोच दुसऱ्याच्या मुलीवर पैसे घेऊन बसवायचा का?

जे नियम बाईच्या संरक्षणाचे आहेत, त्यांत मात्र भीड धरू नये. घरात दारू पिऊन गोंधळ घालणारा, अंगचटीला येणारा पाहुणा त्याच दिवशी बाहेर, हे कागदावर असावं. करार लेखी आणि नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 नुसार ही जबाबदारी मालकाची आहे, आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. राहणाऱ्यांची माहिती पोलिसांना द्यावी. डिपॉझिट किती, मध्येच सोडून गेल्यास किती परत, हेही आधीच ठरवावं. 2020 च्या टाळेबंदीत कामगार गावी निघून गेले आणि खोल्या ओस पडल्या, तेव्हा तोंडी व्यवहारात दोन्ही बाजूंचे हाल झाले.

कायद्यातल्या काही गोष्टी बायकांपर्यंत पोचतच नाहीत. जुलै 2024 पासून, माणशी महिना 20,000 रुपयांपर्यंत आणि सलग किमान 90 दिवस राहणाऱ्याच्या निवासाला जीएसटीतून सूट आहे. सोसायटीतला फ्लॅट पूर्ण भाड्यानं दिला, तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा शासनाचा आदेश 2001 पासून आहे. राज्याच्या 2023 च्या ‘आई’ या महिला पर्यटन धोरणात, बाईनं पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत देण्याची तरतूद आहे. पण त्यासाठी व्यवसाय बाईच्या मालकीचा लागतो. आणि घोडं नेमकं इथेच अडतं.

चाकण पट्ट्यातल्या कितीतरी खोल्या संपादनात गेलेल्या जमिनीच्या पैशांतून उभ्या राहिल्या. मोबदल्याचे धनादेश बहुतेक पुरुषांच्या नावे निघाले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क देणारा कायदा महाराष्ट्रानं 1994 सालीच केला होता, देशानं 2005 साली. तरी हक्कसोडपत्रावर अंगठे आणि सह्या बहिणींच्याच. खोल्यांची सफाई सुनेकडे, पाण्याच्या टाकीची काळजी सासूकडे, भाड्याची वही मात्र भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात. बहीण दिवाळीला पाहुणी म्हणून येते, तेवढीच.

‘भाडं खाणाऱ्या बाईची बाजू चळवळीनं का घ्यावी? तीही मालकच की,’ असा प्रश्न आपल्यातल्याच काहीजणी विचारतात. तो खोटा नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सहा माणसं कोंबणारी, सबमीटरवर विजेचा मनमानी दर लावणारी घरमालकीण आपली मैत्रीण आहे म्हणून तिला माफी नाही. पण म्हणूनच भाडं आणि मजुरी वेगळी करायची. हिशोब उघडा झाला की राहणाऱ्यालाही कळतं तो कशाचे पैसे देतो आहे, आणि अवाच्या सवा भाड्यावर बोट ठेवता येतं. मजुरीचा हक्क मागणं म्हणजे लुटीची पाठराखण नव्हे.

गटांनी काय करता येईल? आपल्या वस्तीत खोल्या देणाऱ्या आणि डबे करणाऱ्या बायकांची एक बैठक घ्यावी. प्रत्येकीनं आठवडाभर आपल्या कामाचे तास लिहून आणावेत. त्यावरून दरपत्रकाचा आणि नियमांचा एक सामाईक नमुना तयार करावा, म्हणजे एकमेकींचे भाव पाडण्याची वेळ येणार नाही. त्या बैठकीला राहणाऱ्या मुलींनाही बोलवावं. नियम त्यांच्यासाठी आहेत, तर त्यांचं म्हणणंही हवं. पैसे बाईच्या खात्यात जमा व्हावेत आणि पावतीवर तिची सही असावी. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, शहरात मिळकतीच्या नोंदीवर तिचं नाव चढवण्याचा आग्रह धरावा.

लोक म्हणतात, अतिथी देवो भव. असेल. पण देवळातल्या पुजाऱ्यालाही दक्षिणा मिळते. पाहुण्याला देव करायचं आणि राबणारीला फुकटची सेवेकरी, हा सौदा आपण आता मोडू या.