उलटलेला घट

दहावीच्या विज्ञानातला ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा संपला की आम्ही चाचणी घेतो. एका वर्षी उर्दू प्रश्नपत्रिका छापून आली आणि मी चक्रावलो. परिपथात खालच्या आडव्या तारेवर विद्युतघट होता. त्याच्या लांब रेषेशेजारी वजा आणि आखूड रेषेशेजारी अधिक! मराठी पत्रिकेत तीच आकृती बरोबर होती.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून टाइप करणाऱ्याने चित्रही आरशासारखे फिरवले. अक्षरे उलटी दिसू लागली, म्हणून ती पुसून जुन्याच जागी पुन्हा टाकली. बिचाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण प्रश्न धारेच्या दिशेचा होता. रेषा पाहणाऱ्या मुलांचे उत्तर एक, चिन्हे पाहणाऱ्यांचे दुसरे. शेवटी सगळ्यांनाच गुण दिले. ज्याला खरोखर येत होते त्याच्यावर हा अन्यायच झाला.

माझे म्हणणे असे, की परिपथ चित्र म्हणून चिकटवूच नये, मजकूर म्हणून लिहावा. लाटेक्स या अक्षरजुळणीच्या प्रणालीत सर्किटिक्ज नावाची मोफत जोडणी आहे. तिथे माउसने रेघा ओढायच्या नसतात. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत घट, तिथून पुढे रोध, मग अमीटर, मग कळ, असे ओळीत लिहायचे. रेखाटन संगणक करतो. आज्ञा इंग्रजीत असतात, पण विज्ञानाच्या शिक्षकाला त्या जड नाहीत. रोधाचे चिन्ह मात्र ‘अमेरिकन’ निवडावे, म्हणजे आपल्या पुस्तकातली नागमोडी रेघ येते. ‘युरोपियन’ निवडले तर चौकोन येतो आणि मुले गोंधळतात.

खरा फायदा दोन माध्यमांचा आहे. झीलाटेक्स वापरले तर देवनागरी आणि नस्तालिक दोन्ही चालतात. परिपथ तोच ठेवायचा, फक्त नावे बदलायची: मराठीत ‘रोध’, उर्दूत ‘मुजाहमत’, इकडे ‘विद्युतधारा’, तिकडे ‘बर्की रौ’. घट जागचा हलत नाही.

सहकारी म्हणतात, सर, पट्टी-पेन्सिलीने दोन मिनिटांत होते. एका आकृतीपुरते खरे आहे. मला पहिली आकृती जमायला दोन संध्याकाळी लागल्या. ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला की सगळे अडते, आणि नस्तालिकची उंच अक्षरे तारेवर चढतात. पण एकदा लिहिलेली आकृती पुढच्या वर्षी आकडे बदलून पुन्हा वापरता येते. पेन्सिलीची आकृती झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये दरवर्षी आणखी काळी होत जाते, आणि ती काळी प्रत बहुतेक वेळा उर्दूच्या वर्गाच्याच वाट्याला येते.

आमच्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांची मोठी रेडिओ दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मुले ती पाहायला जातात. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ आपले शोधनिबंध याच लाटेक्समध्ये लिहितात. मग आपल्या चाचणीलाच अंधुक फोटो का?

जुन्नर आणि आंबेगावच्या मराठी-उर्दू शाळांतील विज्ञान शिक्षकांनी या आकृत्यांचा एक सामाईक साठा करावा. नववीच्या ‘धाराविद्युत’मधल्या एकसर आणि समांतर जोडणीच्या आकृत्या माझ्याकडे दोन्ही भाषांत तयार आहेत. पेन ड्राइव्ह घेऊन या, देतो. दहावीच्या विद्युत चलित्राची आकृती मात्र मला अजून जमलेली नाही.