स्लो कुकर सकाळी लावा, रात्री नाही



स्लो कुकरच्या पाककृती वाचल्या तर त्यात एक वाक्य हमखास सापडतं : "रात्री झोपताना लावून ठेवा, सकाळी तयार." परवा एका मैत्रिणीने हेच सांगितलं, आणि वर म्हणाली, "शिजतं रात्री, पण खातो तर दिवसाच ना? मग रात्रिभोजन कुठं झालं?" बोलायला गोड आहे, पण मला पटत नाही. रात्रिभोजन त्याग म्हणजे ताटात घास कधी पडला एवढंच नव्हे. रात्री केलेलं अन्न दिवसा खाल्लं तरी दोष लागतो, असंच आपल्याकडे थोरामोठ्यांनी सांगितलं आहे. अंधारात भांड्यात काय पडलं ते दिसत नाही आणि विस्तवाचा आरंभ रात्रभर चालू राहतो. यंत्र चालू करायचं बटण आपणच दाबलेलं असतं.

पण म्हणून भांडं माळ्यावर टाकू नका. माझं मत उलट आहे. दिवसा वापरलं तर आपल्यासारख्या नियमवाल्या घरांना याच्याइतकं सोयीचं भांडं दुसरं नाही.

हे भांडं आलं कुठून ते बघा. अमेरिकेतल्या इरव्हिंग नॅक्सन यांना त्याचं पेटंट १९४० मध्ये मिळालं. त्यांची आई त्यांना लिथुआनियातल्या आपल्या आईची गोष्ट सांगायची. ज्यू धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारची रात्र पडेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही. म्हणून शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी 'चोलंट' नावाचा घेवड्याचा पदार्थ भांड्यात घालून गावातल्या बेकरीच्या भट्टीत ठेवायचे आणि विझत्या आचेवर तो दुसऱ्या दिवसापर्यंत शिजायचा. (त्यात मांस असतं. तो पदार्थ आपला नाही, गोष्ट तेवढी घ्या.) पुढे १९७० मध्ये रायव्हल कंपनीने नॅक्सन यांचा धंदा विकत घेतला, १९७१ मध्ये तेच भांडं 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आणलं आणि नोकरीवर जाणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं. म्हणजे सूर्याचं घड्याळ पाळणाऱ्या एका आजीच्या नियमातून हे यंत्र निघालं. आपणही तेच घड्याळ पाळतो, फक्त आपला नियम वेगळा आहे.

आणि तसं आपल्याला हे नवीन तरी कुठे आहे? चुलीला वैल असायचा. पुढे भाकरी भाजायची आणि वैलावर डाळ नाहीतर हुलग्याचं माडगं रटरटत राहायचं. गॅस आला तसा वैल गेला, शिट्टीचा कुकर आला. स्लो कुकर म्हणजे विजेवरचा वैल.

आता खरी अडचण. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. काटेकोर पाळणारे सूर्यास्ताआधीच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, सोडतात. म्हणजे सव्वापाचला ताट वाढलेलं पाहिजे. ते वाढणार कोण? शाळेतून, बँकेतून पाचला घरी आलेली सून पर्स खुर्चीवर टाकते आणि ओट्यापाशी उभी राहते. सासू-सासऱ्यांचा नियम मोडू नये म्हणून ती धावते आणि तिचं स्वतःचं जेवण मात्र दिवेलागणीनंतर होतं. नियम घराचा आणि पळापळ एकटीची, हे मला कधीच बरोबर वाटलं नाही. कितीतरी बायकांनी याच पाऊण तासापायी नियम सोडला, श्रद्धा कमी झाली म्हणून नव्हे.

सकाळी आठला भांडं लावलं की हा पाऊण तास मोकळा होतो. 'लो'वर सहा तास धरले तर दोनला शिजून होतं, पुढे 'वॉर्म'वर राहतं आणि सव्वापाचला पानात येतं. वरण-भात-खिचडीची मर्यादा आपण दोन प्रहर, म्हणजे सहा तास, मानतो. तिच्या आत सगळं बसतं. रात्रभर लावून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरवलेलं भांडं कुठल्याच हिशेबात बसत नाही. टायमर लावून दुपारी सुरू करण्याचीही सोय असते, तीही नको. भिजलेली डाळ उन्हाळ्यात चार तास तशीच राहिली तर आंबूस होते, जीवोत्पत्तीचा प्रश्न वेगळाच.

काय शिजवायचं? भाताचा नाद सोडा, सहा तासांत त्याची पेज होते. ज्वारीच्या कण्या घ्या. एक वाटी कण्या, अर्धी वाटी सालीची मूगडाळ, दुधी किंवा लाल भोपळ्याच्या फोडी, हळद, हिंग, मीठ आणि पाच वाट्या गाळून उकळलेलं पाणी. गरमच ओता, म्हणजे भांडं लवकर तापतं. संध्याकाळी वरून तुपाची जिरं-कढीपत्त्याची फोडणी द्या. बटाट्याची आठवण आलीच तर कच्ची केळी घाला, पण शेवटच्या दोन तासांत. सोबत आमसुलाचं सार करा. खिचडीच्या ताटात ताकाची वाटी सरकवणाऱ्या घरातल्या माणसाला द्विदलाची आठवण करून द्यायचं काम मात्र यंत्र करणार नाही.

चवळी, हरभरा, हुलगे यांची आमटीही सुरेख होते. रात्री भिजवणं ज्यांच्याकडे चालत नाही त्यांनी चवळी घ्यावी, ती भिजवली नाही तरी चालते. मात्र अख्खं कडधान्य आधी गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळून मगच भांड्यात घाला. राजम्याला तर हे केलंच पाहिजे. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो, तो मंद आचेवर मरत नाही आणि उलट्या होतात. चिंच, टोमॅटो, आमसूल आधी घातलं तर दाणे टणकच राहतात, म्हणून आंबट शेवटी. मसाला आपला बिनकांदा-लसणाचा काळा. कोल्हापूर-सांगलीच्या बाजारातला तयार घेताना पुडीवरचं वाचून घ्या.

सगळ्यांत नामी म्हणजे खपली गव्हाची खीर, आपली हुग्गी. सडलेला खपली चार-पाच तासांत लोण्यासारखा मऊ होतो आणि ढवळत बसावं लागत नाही. गूळ गहू शिजल्यावरच घाला, आधी घातलात तर तो शिजतच नाही. मग खोबरं, वेलदोडा, तूप. दशलक्षण पर्वात पारण्याच्या दिवशी घरी माणसं जास्त असतात, तेव्हा हे फार कामी येतं.

विजेचं विचाराल तर साधारण साडेतीन लिटरचं भांडं २०० वॅटचं असतं. आठ तासांना दीड-पावणेदोन युनिट. झाकण सारखं उघडू नका, एकदा उघडलं की वीस-पंचवीस मिनिटं वाढतात. घरी कुणी नसताना बराच वेळ वीज गेली असेल तर ते अन्न खाऊ नका.

पुण्या-मुंबईत साडेसातला घरी पोचणाऱ्या मुलींना हिवाळ्यात याचा उपयोग नाही. लंडनला डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, तिथे तर नाहीच. त्यांनी डबाच न्यावा आणि भांडं रविवारी काढावं. पण घरी नियमवाली माणसं असतील, तर त्यांचं ताट गरम राहतं, हेही काही कमी नाही.

एक सांगायचं राहिलं. सकाळी डाळ धुऊन भांड्यात घालायला पाच मिनिटं लागतात. त्यात भाजायचं नाही, लाटायचं नाही, भाकरी थापायची नाही. हे काम घरातल्या कुठल्याही पुरुषाला जमतं. आमच्याकडे गाळलेलं पाणी मोजून घालण्याचं काम आता त्यांच्याकडेच आहे, आणि मीठ बेताचं पडतं.